दगडाची खुशाली

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घालते आहे. प्रत्यक्षात माझे गुडघे आता तेवढे खाली जात नाहीत, आणि गेले तर वर येत नाहीत.)

तुमची प्रकृती कशी आहे? साखर आटोक्यात आहे ना? सकाळचं फिरणं चालू आहे, की 'आज आभाळ आलंय' हे कारण चालू आहे? हाताचं विचारत नाही, कारण हाताचं विचारलेलं तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. (म्हणजे विचारलंच म्हणा.) मामींनी मला फोनवर काहीही सांगितलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करते. हे वाक्य पत्रात घालायला त्यांनीच बजावलं आहे. तुम्ही मोजायच्या डायलची आणि मापाच्या ठोकळ्यांची पेटी माळ्यावर टाकून दिलीत, चार माणसांत चहा घ्यायचं सोडलंत आणि दारात कुणी दिसलं की आतल्या खोलीत जाऊन बसता, यातलं अवाक्षरही त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. त्यांना उगाच बोलू नका.

दुसरं स्पष्टीकरण असं, की मला तुमच्याकडून काहीही नको आहे. मी पत्र लिहिते ते काही मागायलाच, असं तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतात. ते मी विसरलेले नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. आमची खुशाली ठीक आहे, आणि दगडाची खुशाली सांगायला जरा वेळ लागेल, म्हणून चष्मा लावून बसा.

तर आपल्या मोजणीच्या खोलीतला जुना दगड कारखान्याने निकालात काढला. (पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा.) तुम्हाला त्याला दगड म्हटलेलं खपायचं नाही. 'सरफेस प्लेट म्हण, हिच्या सपाटीवर बाकीचं सगळं मोजतो, दगड रस्त्यावर असतो,' असं म्हणायचात. पण तुम्ही गेल्यापासून (नोकरीतून म्हणते मी) गेली तीन वर्षं सगळा कारखाना त्याला दगडच म्हणतो आणि मीही त्यांच्यातलीच झाले. यंदाच्या तपासणीला आलेल्या माणसाने दगडावर आखलेल्या नेहमीच्या आठ रेघांवरून आपलं उपकरण फिरवलं, दोनदा फिरवलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा फिरवलं आणि चहासुद्धा न घेता लिहून दिलं, की सपाटी मर्यादेबाहेर गेली आहे. एकतीस वर्षं ज्या दगडावर तुम्ही कुणाला कोपर टेकू दिलं नाहीत, तो माझ्या हाताखाली तीन वर्षांत बाद झाला, असाच त्याचा अर्थ होत होता. तो तसा होत नाही, हे मला फार पुढे कळलं. ते क्रमाने सांगते, कारण मधलं मी बरंच भोगलं आहे आणि ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

आमचे नवे साहेब तुम्ही पाहिलेले नाहीत. माणूस वाईट नाही, पण जे चमकत नाही ते त्यांना दिसत नाही. आम्ही त्यांना आपसात चकचकीत साहेब म्हणतो. नवी प्लेट निवडायची ठरली तेव्हा विकणाऱ्याने तळहाताएवढे तीन तुकडे आणले, एक करडा, एक गुलाबीसर आणि एक काळाभोर. मला तुमचं सांगणं पाठ होतं. रंग बघू नये, जाडी बघावी. चमक बघू नये, सपाटीचा कागद बघावा. मी करड्यावर बोट ठेवलं. साहेबांनी काळा उचलला, त्यात स्वतःचा भांग नीट केला आणि म्हणाले, हाच घ्या. मी म्हटलं, साहेब, आरसा घ्यायचा नाहीये आपल्याला. ते हसले आणि काळाच ठरला. (वाईट नव्हता, हे कबूल करते. दगड म्हणून उत्तमच होता. काळ्या रंगाचा एक गुण पुढे उघडा पडला, तो सांगतेच.) मग आकार. जुनी प्लेट सव्वा मीटरची, सरळ आहेत का म्हणून आपण तपासतो त्या लोखंडी पट्ट्या मीटरभर लांबीच्या, म्हणजे सगळं जेमतेम का होईना पण जमत होतं. साहेब म्हणाले, घेतोच आहोत तर मोठी घेऊ, पाहुण्यांना दाखवता येईल. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद.

मामा, आता तुम्ही हसणार आहात, तर हसून घ्या. मी त्या प्लेटची सपाटी किती मायक्रॉन असावी यावर तीन आठवडे पत्रव्यवहार केला. (आमच्या ह्यांना मायक्रॉन म्हणजे काय ते अजून पटलेलं नाही. केसाच्या जाडीचा साठ-सत्तरावा भाग, असं सांगितलं तर ते माझ्याकडे न बघता स्वतःच्या टकलावरून हात फिरवतात.) जाडी ठरवली, वजन काढलं, जमीन पेलेल का ते बघितलं, खोलीचं तापमान महिनाभर टिपून ठेवलं. आणि दार मोजलं नाही. केसाचा सत्तरावा भाग मोजणाऱ्या खोलीचं दार किती रुंद आहे, हे त्या खोलीतल्या एकाही माणसाने आयुष्यात कधी मोजलेलं नव्हतं. ट्रक दारात उभा, प्लेट साखळ्यांवर लटकलेली, बारा माणसं घामाघूम, आणि दार वीतभर कमी. आडवी जाईना आणि उभी करून न्यायला कुणी धजेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझ्या हातातल्या टेपकडे बघत होते. शेवटी पूर्वेकडची खिडकी चौकटीसकट काढली आणि प्लेट खिडकीतून आत घेतली. साहेबांना त्यातही संधी दिसली. भिंत फोडलीच आहे तर तिथे मोठी काच बसवू, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आतली प्लेट दिसेल. काच बसली. खिडकीबरोबर तुमचा तो जाड मातकट पडदाही गेला. माझं तिकडे लक्षच नव्हतं, कारण मी तेव्हा टेकूंवरून भांडत होते.

टेकूंचं असं झालं, की स्टँड बनवणाऱ्याने चारी कोपऱ्यांखाली चार टेकू दिले होते. मी म्हटलं, तीन हवेत. तो म्हणाला, कोपरे किती आहेत ते मोजा. साहेबांनी मोजले आणि तेही त्याच्या बाजूला गेले. मग मी तुमचा जुना उपाय केला. साहेबांना त्यांच्याच कचेरीतल्या डुगडुगणाऱ्या चार पायांच्या स्टुलावर बसवलं आणि मग सुताराच्या तीन पायांच्या तिवईवर बसवलं. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतातच, चौथा नेहमी अधांतरी राहतो किंवा दुसऱ्याला अधांतरी ठेवतो, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी असंच बसवून शिकवलं होतंत. साहेबांनी तिवईवर डावीकडे-उजवीकडे डुलून बघितलं आणि तीन टेकू मंजूर झाले. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेले. वाटलं, मामा असते तर पाठीवर थाप मारली असती. (म्हणजे आहातच. पण तुम्ही आहात तिथे आहात आणि पाठ इकडे आहे.)

खुशी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी सकाळी तपासलेल्या अकरा पट्ट्यांपैकी आठ बाद निघाल्या. सगळ्या मध्ये खोलगट. मी लाल खूण करून परत पाठवल्या. फोरमन पट्टी हातात घेऊन तणतणत आला, मी त्याच्यासमोर पुन्हा मोजली, पुन्हा खोलगट. तो पट्टी काखेत मारून गेला. संध्याकाळी त्याने त्याच आठ पट्ट्या लाल खुणा पुसून नव्या म्हणून पाठवल्या, आणि मी त्या आठही पास केल्या! दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्यात माझी शोभा झाली. आठवडाभर हेच. सकाळी माल वाईट, दुपारनंतर माल चांगला. मी डायल बदलली, डायलचं स्टँड बदललं, ठोकळे बदलले, स्वतःचा चष्मा बदलला. टेकू पुन्हा तपासले, कारण चार टेकूवाला गालातल्या गालात हसत हिंडत होता. फोरमन माझ्याशी बोलेनासा झाला आणि माझ्याविषयी मात्र सगळ्यांशी बोलू लागला.

शेवटी साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत, फार हळू आवाजात विचारलं, की सकाळी तुमचा हात हलतो का हो?

मामा, मी सरळ स्टोअरमध्ये गेले, खोक्यांच्या मागे बसले आणि रडले. आठवडाभराच्या बाद पट्ट्यांसाठी नाही रडले. मला तुमचा शेवटचा दिवस आठवला. तुमच्या हातून ठोकळा निसटला, प्लेटच्या कोपऱ्यावर आपटला आणि नखाएवढा टवका उडाला, तो दिवस. कुणी काही बोललं नव्हतं. सगळे नुसते तुमच्या हाताकडे बघत होते आणि तुम्ही हात खिशात घातलात. मी पण बघत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही, निवृत्तीला चार महिने राहिले असताना, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्यात, 'प्लेट मी खराब केली' एवढंच म्हणालात आणि निघून गेलात. मी तुम्हाला थांबवलं नाही. वाटलं, बोलले तर तुम्हाला जास्त लागेल. एक प्रश्न कानावर पडल्यावर माझी ही गत झाली. तुम्ही तर तीन वर्षं तो न विचारलेला प्रश्न घेऊन बसला आहात. मला तेव्हा बोलायला हवं होतं, मामा. चुकलं माझं.

(डोळे पुसून झाले. पुढे लिहिते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच सुचेना, म्हणून मी तुमच्यासारखा तळहात प्लेटवर ठेवला. तुम्ही रोज ठेवायचात. आम्हाला वाटायचं, नमस्कारासारखी काहीतरी सवय असेल. हात ठेवला तर काय, दगड कोमट! खालून हात लावला, खाली गार. वर बघितलं तर साहेबांच्या त्या मोठ्या काचेतून ऊन सरळ प्लेटवर ऐसपैस पसरलेलं, आणि काळा दगड ते सगळं पीत बसलेला. वरचं अंग तापून फुगत होतं, खालचं गार होतं, म्हणजे प्लेट मध्ये किंचित वर उचलली जात होती आणि सरळ पट्ट्या बिचाऱ्या खोलगट ठरत होत्या. दुपारी ऊन गेलं, दगड थंडावला, की सगळं जागच्या जागी. मी तिथेच उभी राहून हसत होते. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जुने साहेब होते तेव्हा नवाच्या ठोक्याला पडदा ओढायचे की!"

मामा, आम्हा सगळ्यांना वाटायचं, तुम्ही पडदा डुलकी काढायला ओढता. पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आले, की नऊ ते साडेदहा मामांच्या खोलीत जाऊ नका. (पडद्याआड तुम्ही डुलकीही काढायचात, मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे फार ताठ बसू नका. पण आधी पडदा आणि मग डुलकी, हा क्रम आमच्या लक्षात यायला हवा होता.) पडदा कुठे गेला म्हणून शोधाशोध केली तर मावशींनी तो फेकायला दिलेला घरी नेऊन पलंगावर घातला होता. त्यांनी धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला. मी साहेबांचा तळहात धरून आधी प्लेटच्या वर ठेवला आणि मग खाली ठेवला. त्यांनी फोरमनसमोर माझी माफी मागितली, आणि आता नवाच्या ठोक्याला पडदा ते स्वतः ओढतात. पाहुण्यांना सांगतात की ही इथली जुनी पद्धत आहे. फोरमन समेटाचा चहा घेऊन आला आणि कप प्लेटवर ठेवणार, तेवढ्यात मी अशी झेप घेतली की समेट पुन्हा मोडता मोडता राहिला.

आता जुना दगड. साहेब त्यावर कारखान्याचं नाव कोरून तो फाटकाशी उभा करणार होते. मी तो घरी आणला. आठ माणसं लागली, आणि आधी दार मोजलं. पुढच्या खोलीत तीन टेकूंवर ठेवला आहे. आमच्या ह्यांनी फक्त पाहुणा किती दिवस आहे एवढं विचारलं. दगड आला तेव्हा त्याच्याबरोबर तपासणीचा नकाशाही आला. कुठे उंच, कुठे खोल, आकड्यांनी भरलेला. इतके दिवस मी फक्त खालचा 'बाद' हा शब्द वाचला होता. परवा पहिल्यांदा नकाशा उलगडला.

मामा, इथून पुढचं नीट वाचा. टवका उडालेला कोपरा तो नखाएवढा तुकडा सोडला तर सगळ्या प्लेटमध्ये सर्वांत चोख आहे. लोखंडाची प्लेट असती तर मार बसल्यावर कड वर आली असती. दगडाची वर येत नाही, गेला तेवढा तुकडा जातो आणि बाकीचं होतं तसंच राहतं, हे तुम्हीच शिकवलंत आणि त्या दिवशी तुम्हीच विसरलात. प्लेट बाद झाली ती मधल्या पुढच्या भागाने. तिथे बशीसारखी झीज आहे. ती जागा कुठली, सांगू? बरोब्बर माझ्या खुर्चीसमोरची. तुम्ही कानीकपाळी ओरडायचात, की जागा बदलत जा, सगळा दगड आपलाच आहे, एकाच ठिकाणी काय घासत बसतेस. मी उठायचा कंटाळा केला. अठरा वर्षं, रोज, तिथल्या तिथे. ती बशी माझी आहे. प्लेट तुम्ही खराब केली नाहीत, मी केली, बसल्या जागी, हात जराही न हलता.

झालं. एवढंच सांगायचं होतं. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही, हे पुन्हा एकदा. तुमच्याकडून मला काही नको, हे वर लिहिलंच आहे.

तुमची,
आळशी भाची

ता. क. : काही नको, हे अगदीच खरं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दगड पुन्हा घासून सपाट करणारे कारागीर आपल्या घरी येणार आहेत. तेच, तुमच्या वेळचे, एका डोळ्याने बघणारे. तीन दिवसांचं काम आहे. ते घासणार आणि दर खेपेला कुणीतरी मोजून कुठे किती राहिलं ते सांगायचं. मी मोजते म्हटलं, तर त्यांनी नकाशावर ती बशी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझे मामा कुठे असतात हल्ली?" तेव्हा रविवारी निघा. पेटी माळ्यावरून काढायची खटपट करू नका. ती मामींनी गेल्याच आठवड्यात खाली काढून पुसून ठेवली आहे. (हे मात्र त्यांनी लिहू नको म्हणून बजावलं होतं.)

ता. क. २ : हात थरथरतो म्हणून येत नाही, असं लिहू नका. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात तुम्ही मला डायल कशी वाचावी याचं एक वाक्य वहीत शंभर वेळा लिहायला लावलं होतंत. वही आत्ता समोर आहे. 'ठेव, हात काढ, मग वाच.' शंभरही ओळी पुन्हा तपासल्या. हात काढायच्या आधी तो कसा असावा, याबद्दल एकाही ओळीत काही लिहिलेलं नाही.

ता. क. ३ : गेल्या खेपेला चहा ट्रेमध्ये सांडला आणि तुम्ही दुसऱ्या दिवशीच निघून गेलात. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून आमच्याकडे मोठे कप आणलेत आणि सगळ्यांना अर्धाच चहा देते. ह्यांनाही, आल्यागेल्यालाही. आता घरात कुणाला वेगळं वाटत नाही. तुम्ही आलात की तुमच्या कपाकडे कुणी बघणार नाही.